आठ हजार एमएएचची बॅटरी, कापलेला चासी आणि भाच्याचा आरसी ट्रक

पार्श्वभूमी

आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारा हा छोटा ट्रक माझ्या भाच्याचा, वय सतरा, डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, आणि मी मामा म्हणजे आपोआप सोल्डरिंगवाला, ड्रायव्हर आणि अधूनमधून पैसे देणारा. माणसांची नावं आणि ट्रकचा ब्रँड दोन्ही मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं त्यात ब्रँडची काही चूक नव्हती, चुका सगळ्या आमच्या घरच्याच.

गाडी एक-दशांश स्केलची शॉर्ट कोर्स ट्रक, मागच्या दोन चाकांना पॉवर, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं ब्रशलेस करून ठेवली होती, ३३०० केव्हीची मोटर (एका व्होल्टमागं विना लोड ३३०० आरपीएम) आणि ६० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा करंट सांभाळणारा कंट्रोलर, जो २एस आणि ३एस, म्हणजे दोन आणि तीन सेलचे पॅक, दोन्ही घेतो. सोबत एक जुना २एस लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक मिळाला, ३२०० एमएएचचा, कडक कवचाचा, साधारण १३८ बाय ४७ बाय २५ मिलिमीटर, म्हणजे बहुतेक एक-दशांश गाड्यांच्या ट्रेमध्ये बसतो तोच साइज. वजन घरच्या तराजूवर १९० ग्रॅम.

आम्ही कोल्हापूरचे. गाडी चालवायला जागा म्हणजे रंकाळ्याच्या पलीकडं, फुलेवाडीच्या पुढं एका ओळखीच्यांचं रान, ऊस गेला की दोन-तीन महिने मोकळं असतं. जमीन काळी, नांगरलेली असली तर ढेकळं, नाहीतर भुसभुशीत माती, मध्ये बांध. आरसीवाल्याला स्वर्ग. फक्त तिथं लाइट नाही, चार्जिंग नाही, आणि घरापासून जाऊन येऊन पाऊण तास मोडतो.

अडचण

गाडी चालायची अकरा मिनिटं. पाऊण तास प्रवास करून अकरा मिनिटं खेळायचं आणि मग बांधावर बसून पेरू खायचे, असं दोन रविवार झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मोठी बॅटरी टाकूया, डबल टाइम मिळंल." मला पण ते बरोबर वाटलं. मोठी टाकी, जास्त किलोमीटर, मोटरसायकलवाल्या डोक्याला हे लगेच पटतं.

आता मागं वळून बघितलं की दिसतं, पहिला घोळ इथंच. आम्हाला पाहिजे होता वेळ. आम्ही प्रश्न बनवला बॅटरीचा. आणि वेळ का कमी पडतोय हे एकदाही मोजलं नाही. मोजायला काही लागत पण नव्हतं, चार्जरच्या स्क्रीनवर शेवटी किती एमएएच भरले ते येतंच. गाडी चालवून आणल्यावर २५५० च्या आसपास भरायचे. अकरा मिनिटांत २५५० एमएएच म्हणजे सरासरी १४ अँपिअर. हा आकडा पहिल्या दिवशी काढला असता तर पुढचं निम्मं प्रकरण झालंच नसतं, कारण त्या आकड्यावरून लगेच कळतं की २५ मिनिटं पाहिजे असतील तर जवळपास ५८०० एमएएच वापरायला लागणार, आणि लायपो पूर्ण रिकामी करायची नसते, २० टक्के ठेवायचेच, म्हणजे ७३०० चा पॅक. आणि मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की मोटर २५ मिनिटं सलग १४ अँपिअर झेलणार आहे का?

तो प्रश्न आलाच नाही.

समोर कोणते पर्याय होते

सगळ्यात साधा पर्याय, असाच अजून एक-दोन ३२०० चे पॅक घ्यायचे आणि रानात बदलायचे. भाच्याला हे गरिबाचं काम वाटलं. "बदलत काय बसायचं सारखं." मी पण जोर लावला नाही.

दुसरा, त्याच साइजमध्ये जास्त क्षमता. १३८ बाय ४७ बाय २५ च्या कवचात ५००० ते ५२०० चे पॅक सहज मिळतात, काही कापाकापी नाही. आमच्या सरासरीनं अठरा मिनिटांच्या आसपास निघाली असती. अकराच्या जागी अठरा, वाईट काय होतं? पण अठरा म्हणजे डबल नव्हे, आणि पोराच्या डोक्यात डबल बसलं होतं.

तिसरा पर्याय ३एस. हा खरं तर वेळेचा पर्यायच नाही, वेगाचा आहे, पण आरसीच्या नादात असलेल्या कुठल्याही पोराशी बॅटरीचं बोलणं काढा, तिसऱ्या वाक्यात ३एस येतंच. २एसवर ३३०० केव्हीची मोटर विना लोड साधारण २४,४०० आरपीएम करते, ३एसवर ३६,६००. ऊर्जा जास्त असते हे खरं, ५००० चा ३एस म्हणजे साडेपंचावन्न वॉट-अवर, तोच २एस सदतीस, पण ती जास्तीची ऊर्जा वेगात आणि हवेच्या अडथळ्यात जाते. गिअर न बदलता ३एस टाकून सावकाश चालवू असं म्हणणारा मी अजून तरी बघितलेला नाही. हा पर्याय मी सरळ उडवला आणि एवढा एक निर्णय माझा पहिल्या फटक्यात बरोबर आला म्हणायला हरकत नाही.

चौथा, दोन पॅक पॅरलल. व्होल्टेज तेच, क्षमता दुप्पट. ट्रेमध्ये एकच बसतो, दुसरा कुठंतरी बाजूला बांधायला लागला असता, आणि दोन्ही पॅकचं व्होल्टेज सारखं नसताना जोडलं तर भरलेला पॅक रिकाम्यात जोरात करंट ढकलतो. जुना पॅक आणि नवा पॅक असं तर अजिबात जोडायचं नसतं. गडबडीत पोरगा जोडणार हे मला माहीत होतं, म्हणून तो पण नको.

पाचवा म्हणजे जो आम्ही केला. ८००० एमएएचचा एकच मोठा २एस पॅक. ऑनलाइन सेलमध्ये दिसला, भाच्यानं वाढदिवसाचे पैसे आणि माझे तीन हजार मिळून मागवला. लिथियम असल्यानं रस्त्यानं आला, नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आमच्यापैकी एकानं तरी व्हर्नियर काढून ट्रे मोजायला हवा होता.

काय केलं

पॅक आला. १५७ बाय ४९ बाय ३३ मिलिमीटर. वजन ४१५ ग्रॅम. ट्रेची आतली रुंदी साडेसत्तेचाळीस, पट्ट्याखालची उंची सव्वीस, आणि लांबीत १५५ पर्यंतच जागा होती, पुढं एक आडवी रिब, म्हणजे तळातून वर आलेली प्लास्टिकची कड. शिवाय पॅकच्या तोंडातून जाड वायरी सरळ पुढं निघतात, त्यांना वळायला अजून दीड सेंटिमीटर पाहिजे, ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. थोडक्यात, तिन्ही बाजूंनी नाही.

इथं एक खरा थांबायचा टप्पा होता. पॅक न वापरलेला होता, परत गेला असता. भाच्याचा चेहरा बघितला आणि मी म्हटलं, थांब, उद्यमनगरात जाऊन येऊ.

शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरकरांना सांगायला नको, तिथं लेथवाले, फाउंड्रीवाले, पत्रा वाकवणारे, ऑइल इंजिनाच्या काळापासूनचे, तुम्ही काय पण घेऊन जा, कुणी हसत नाही. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी ट्रक हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि दोन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून नवा वरचा पट्टा वाकवून दिला, त्याला उंच पोस्ट पण टर्न करून दिले. रिब मात्र आम्ही घरी कापणार होतो. ते ऐकल्यावर मिस्त्री म्हणाले, "पावणं, कोपरा चौकोनी ठिवू नका. आधी भोक पाडा, मग भोकापतुर कापा." मी हो हो म्हटलं. घरी आल्यावर भाच्यानं छोट्या ग्राइंडरच्या चकतीनं एकदम काटकोनात, सुबक, शाळेतल्या भूमितीच्या वहीत काढल्यासारखं कापलं. दिसायला इतकं छान की मला मिस्त्रींचं वाक्य आठवलं पण बोलवेना. रुंदीसाठी ट्रेच्या एका बाजूची भिंत पण एक-दीड मिलिमीटर तासली.

कनेक्टर वेगळा. ट्रकला टी-प्लग, पॅकला एक्सटी-९०. अ‍ॅडॉप्टर लावण्यापेक्षा मी ईएससीचाच प्लग बदलला, पॅकची बाजू छेडली नाही, कारण पॅकच्या वायरी कापायच्या तर एका वेळी एकच, एक झाकल्याशिवाय दुसरीला हात नाही, नाहीतर दोन वायरी एकाच कात्रीत आल्या की तिथल्या तिथं शॉर्ट. माझा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न जाड वायरीपुढं हात टेकतो, सोल्डर वितळतच नाही नीट, वरवर चिकटतं, शेवटी शेजारच्या रेडिओ रिपेअरवाल्या काकांचा ६० वॉटचा आणला.

चार्जिंगची गंमत वेगळीच. ८००० चा पॅक १सीनं, म्हणजे क्षमतेच्या एक पट करंटनं, भरायचा म्हणजे ८ अँपिअर, ८.४ व्होल्टला ६७ वॉट. आमचा चार्जर ५० वॉटचा. ५ अँपिअरवर ठेवला, शेवटची बॅलन्सिंग (दोन्ही सेल सारखे करणं) धरून पावणेदोन-दोन तास. लायपो चार्जिंगला लावून झोपायचं नाही हा नियम असल्यानं मी दोन तास स्वयंपाकघराच्या फरशीवर त्या पॅकशेजारी बसून होतो, मातीच्या कुंडीत पॅक, बाजूला वाळूची बादली, आणि आई येता-जाता, "लेकरू झालंय व्हय घरात?"

पहिली चाचणी आणि गैरसमज

रानात नेलं, थ्रॉटल दाबलं आणि गाडी अक्षरशः उडाली. पुढची चाकं उचलायला लागली. "मामा, लई दम हाय ह्यात!" आम्ही दोघं खूश. दोन्ही पॅक २एस, दोन्ही ७.४ व्होल्ट, मग दम वाढला कुठून?

घरी चार्जरवर दोन्ही पॅकचा इंटर्नल रेझिस्टन्स बघितला तेव्हा उलगडलं. जुन्या पॅकचा प्रत्येक सेल १४ मिलिओहम, नव्याचा ३. पिकअपला ६० अँपिअर ओढले तर जुना पॅक दोन सेल मिळून १.७ व्होल्ट आतच खाऊन टाकायचा, नवा जेमतेम ०.४. म्हणजे मोटरला ऐन जोराच्या वेळी सव्वा व्होल्ट जास्त मिळत होतं, जवळपास चार हजार आरपीएमचा फरक. म्हाताऱ्या पॅकनं आजपर्यंत मोटरला आवर घातला होता, आम्हाला पत्ताच नव्हता. पॅकवर छापलेलं ५०सी वगैरे मी मनावर घेत नाही, ८००० चे ५०सी म्हणजे ४०० अँपिअर, एवढा करंट त्या वायरीतून सोडला तर वायरच लाल होईल. इंटर्नल रेझिस्टन्स मात्र बघावा.

आणि मग पंधराव्या मिनिटाला गाडी बंद. स्टिअरिंग चालू, मोटर बंद, ईएससीचा लाल दिवा लुकलुक. बॅटरी संपली म्हणावं तर व्होल्टेज उतरलं की वाजणारा बझर गप्प. ईएससी तापून त्यानं स्वतःला बंद केलं होतं. मोटरला बोट लावलं आणि लगेच काढलं. घरात कोविडच्या वेळची कपाळाला लावायची गन होती, ती दुसऱ्या दिवशी मुद्दाम घेऊन गेलो, मोटरवर धरली, स्क्रीनवर 'हाय' आलं. भाचा म्हणतो, "हॅलो म्हणालंय." ती गन माणसाच्या तापापलीकडं काही दाखवतच नाही, वर गेलं की तिचं 'हाय'. शेवटी एका एसी मेकॅनिककडून खरी इन्फ्रारेड गन आणली. दहा मिनिटांच्या चालवण्यानंतर मोटरचा डबा १०३ अंश. बाहेरून १०३ म्हणजे आत वाइंडिंग त्याहून जास्त. मी स्वतः ८५ च्या वर जाऊ देत नाही, कारण रोटरची निओडिमियम चुंबकं जास्त तापली की कायमची कमजोर होतात, आणि कमजोर चुंबकाची मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते, जास्त तापते, चक्र सुरू.

घरी चार्ज केला तर ४७०० भरले. पंधरा मिनिटांत ४७००, म्हणजे सरासरी १९ अँपिअर. आधी १४ होते.

हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पॅकमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास चार्ज शिल्लक होता आणि गाडी चालू शकत नव्हती. म्हणजे इतके दिवस बॅटरी ही आमची मर्यादा आहे असं वाटत होतं, पण बॅटरीच्या मागं मोटर-ईएससीची मर्यादा लपून उभी होती, अवघी तीन-चार मिनिटं पुढं. अकराव्या मिनिटाला जुना पॅक संपायचा, आम्ही पेरू खायचो, मोटर थंड व्हायची. ते पेरू खाणं हीच कूलिंग सिस्टीम होती. आम्ही ती काढून टाकली.

चुकीच्या क्रमानं केलेला उपाय

आता दुसरा मोठा निर्णय. मोटर तापते. का तापते ते शोधायचं, की थंड करायचं? आम्ही पंखा लावला. हीटसिंक आणि छोटा ३० मिलिमीटरचा फॅन, वजन अजून वाढलं, १०३ चे ९६ झाले आणि ईएससी बंद पडायचं थांबलं. बावीस मिनिटं गाडी चालली. भाच्यानं मित्रांना सांगितलं डबल झाला टाइम. माझ्या मते हा पंखा या प्रकरणातला सगळ्यात महाग सौदा, किंमत तीनशे रुपये असली तरी, कारण त्यानं लक्षण झाकलं आणि आम्ही अजून एक रविवार तसेच गेलो.

त्या रविवारी बांधावरून उडी. ट्रकचं पुढचं नाक आता हवेत खाली जात होतं, कारण पॅक लांब असल्यानं त्याचं वजन पुढं सरकलं होतं, सव्वादोनशे ग्रॅम जास्तीचे, आणि ३३ मिलिमीटर उंचीमुळं वर पण. आधी गाडी चारी चाकांवर पडायची, आता नाकावर. स्प्रिंगला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारे, क्लिप लावले होते पण स्प्रिंग तेच, तेल तेच. तिसऱ्या उडीला टक् असा आवाज आला, जोरात नाही, फरसाणाची शेव मोडल्यासारखा.

चासी फाटला होता. बरोबर त्या सुबक काटकोनाच्या कोपऱ्यातून तिरकी चीर, बोटभर. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूला येतो, गोल भोक असतं तर पसरला असता, मिस्त्री नेमकं हेच सांगत होते. रिब नुसती पॅक अडवायला नव्हती, ती त्या प्लास्टिकच्या टबला कडकपणा देत होती. चासी वाकला, पॅक पुढं घसरला, आणि कोपरा समोरच्या बल्कहेडच्या (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या भागाच्या) कडेवर आदळला. कवचाला खोक, आतला सेल दबलेला, आणि गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास.

इथून पुढं मात्र आम्ही घाई केली नाही. प्लग काढला, पॅक मोकळ्या मातीवर, वाळलेल्या पाल्यापासून लांब ठेवला आणि तासभर दुरून बघत बसलो. त्या रानात कडेला पाचट पडलेली होती, पॅक पेटला असता तर काय झालं असतं हा विचार मला अजून येतो. गरम झाला नाही. घरी गाडीच्या डिकीत आणला नाही, भाचा म्हणत होता बॅगेत टाकूया, त्याऐवजी पत्र्याच्या डब्यात वाळू भरून, टपावरच्या कॅरिअरला बांधून आणला. सेल मोजले, एक ३.८१, दुसरा ३.६२. संध्याकाळपर्यंत कवचाच्या फटीतून फुगवटा दिसायला लागला.

परत चार्ज करायचा प्रश्नच नव्हता. एकानं सांगितलं मिठाच्या पाण्यात टाका. ते केलं नाही, कारण मिठाच्या पाण्यात बहुतेक वेळा बाहेरचे टर्मिनल आधी गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो, वरून वाटतं मेला. गच्चीवर, वाळूत, मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावून दिला. साडेतीन तास मंद पिवळा उजेड, मग विझला. रात्रभर बल्ब तसाच जोडून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही सेल शून्याला लागल्यावर वायरी आखूड करून टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडं दिला. घंटागाडीत टाकायचा नाही, तिथं कचरा दाबताना उरलासुरला चार्ज पण आग लावू शकतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांतही बॅटरी वेगळीच द्यायची आहे.

परत सुरुवात

आता पैसे पण संपले होते त्यामुळं डोकं चालायला लागलं. भाच्याला म्हटलं, गाडी खोल, प्रत्येक गोष्ट मोज. पिनियनचे, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे, दात मोजले, २१. मॅन्युअलमध्ये या मोटरसाठी मातीवर १६ ते १८ लिहिलंय. आधीचा मालक गाडी पार्किंगच्या डांबरावर पळवायचा, त्यानं स्पीडसाठी मोठा पिनियन टाकला होता आणि आम्ही तोच घेऊन ढेकळांत फिरत होतो, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाट चढत होतो. ईएससीचं प्रोग्रॅमिंग बघितलं तर बॅटरी टाइप निकेल, म्हणजे व्होल्टेज उतरलं की मोटर थांबवणारा लायपोचा लो-व्होल्टेज कटऑफ बंदच. एवढे दिवस फक्त बॅलन्स लीडला (सेलचं व्होल्टेज बघायच्या बारीक वायरींना) लावलेल्या शंभर रुपयांच्या बझरवर सगळं चाललं होतं, आणि जुन्या पॅकचे सेल का थकले होते याचा पण अंदाज आला.

पिनियन १७ दातांचा घातला, शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा, तेवढं बघून मागवला. टॉप स्पीड १९ टक्के कमी झाला, कागदावर. मातीवर तसं काही जाणवलं नाही कारण मातीवर टॉप स्पीड गाठतोय कोण. कटऑफ लायपोवर, ३.३ व्होल्ट प्रतिसेल. नवा चासी टब घेतला, न कापलेला. आणि दोन ५२०० चे २एस पॅक, १३८ बाय ४७ बाय २५, वजन २७० ग्रॅम, कुठंही काही न तासता जुन्या पट्ट्याखाली टक्कन बसले. पंखा राहू दिला.

निकाल

एका पॅकवर वीस मिनिटं. चार्ज करताना ४१०० भरतात, म्हणजे सरासरी १२ अँपिअरच्या थोडं वर, पहिल्या १४ पेक्षा पण कमी, आणि पॅक चांगला असून. वीस मिनिटांनी मोटर ७४ अंश. मार्चच्या दुपारी एकदा ८१ गेली, त्या दिवशी ऊन ३७ होतं. पहिला पॅक संपला की दहा मिनिटं बांधावर बसायचं, मोटर पन्नासच्या खाली आली की दुसरा. एका फेरीत चाळीस मिनिटं. आणि ५२०० चा पॅक ५० वॉटच्या चार्जरवर १सीच्या जवळपास, सव्वा तासात भरतो, मला फरशीवर कमी बसायला लागतं.

खर्च बघितला तर ८००० चा पॅक, पट्टा, पंखा, चासी आणि सोल्डरिंगचं सामान धरून जे गेलं, त्यात सरळ पहिल्या दिवशी ५२०० चे तीन पॅक आले असते. तीन पॅक म्हणजे एक तास.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या आधी चार्जरवरचा एक आकडा आणि एक भागाकार, हे तर झालंच. पण त्याहून जास्त मला वाटतं ते पॅक आला त्या संध्याकाळचं. मोजून बसत नाही हे कळल्यावर तो परत गेला असता तर फक्त कुरिअरचे पैसे गेले असते. तेव्हा आम्ही पॅक बसवणं हेच काम धरून बसलो, वेळ वाढवणं बाजूला राहिलं, आणि उद्यमनगरात काहीही बसवून मिळतं हीच अडचण ठरली. दुसऱ्या गावात असतो तर कदाचित नाइलाजानं परत केला असता.

मोठाच पॅक लागणार असता, समजा रेससाठी किंवा क्रॉलरसारख्या सावकाश गाडीसाठी, तर तो घालू नये असं माझं म्हणणं नाही. क्रॉलरला तर वजन खाली आणि पुढं असलेलं उलट चालतं, करंट पण कमी. पण मग आधी जुन्या पॅकवर मोटर किती तापते ते बघायचं, तीच ७५-८० असेल तर बॅटरी वाढवायच्या आधी पिनियन दोन दात कमी करायचा. चासी कापायच्या आधी पुठ्ठ्याचा डमी पॅक करून, वायरीच्या वळणासकट, ट्रेमध्ये ठेवून बघायचा. कापायचंच असेल तर भोक आधी. आणि स्प्रिंग बदलायचे, प्रीलोडनं भागत नाही, प्रीलोड गाडी उचलतो, कडक करत नाही.

पंखा आधी लावला ही चूक मी भाच्याच्या नावावर टाकत नाही, ती माझी. पंधराव्या मिनिटाला ईएससी बंद पडला हा त्याचा निरोप होता, आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळत नाही. भाच्याचं म्हणणं, १७ चा पिनियन आणि पंखा असताना ८००० चा पॅक आता चालला असता, मोटर तापली नसती. मोटरचं त्याचं बरोबर असेल. नाकावर पडण्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणतो पॅक मागं सरकवून बसवू, रिब न कापता, फक्त पट्टा उंच. परवा व्हर्नियर घेऊन नव्या टबवर काहीतरी मोजत होता. पुठ्ठ्याचा डमी केलाय त्यानं, वायरीला सुतळी लावून. मिस्त्रींनी वाकवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा पण त्याच्या टेबलावर आहे, फेकलेला नाही.